वापरलेली टोपी

सरकारी दवाखान्यातल्या बाळांसाठी मी लोकरीच्या टोप्या विणून देते. आज एका बाळंतिणीच्या आईनं नवीकोरी टोपी परत केली. "पहिल्यांदा जुनंच घालतात हो ताई, कुणीतरी वापरलेलं."

खरंच की. आमच्याकडेही तसंच करायचे. नव्या जिवाला आधी कुणाची तरी ऊब लागलेलं कापड हवं. पण माझ्या घरात आता बाळ कुठून आणू?

संध्याकाळी, विणून विणून आखडलेली बोटं मिटली आणि टोपी मुठीवर चढवली. बेताची बसली. तशीच खिडकीशी बसून राहिले. इतक्या टोप्या विणल्या, पण त्यांच्या आत कसं वाटतं ते ठाऊकच नव्हतं.

उद्या ती जुनी म्हणून देईन. आज अजून थोडी वापरायची आहे.