वहीत आलेले उत्तर

हल्ली शिक्षकांचे समूह फोनवर भरतात. सकाळी कोणी देवाचे चित्र पाठवतो, त्याखाली सर्वांचे हात जोडलेले उमटतात आणि त्या गर्दीत एखाद्याने विचारलेली शंका दुपारपर्यंत दिसेनाशी होते. नातू मला हे कौतुकाने दाखवतो. मी हसतो, कारण बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत आम्ही हेच एका वहीवर करीत असू.

आम्ही चार संस्कृत शिक्षक. सर्वांत वडील रिसोडचे, मग शेलूबाजारचे, कामरगावचे, आणि धाकटा मी. प्रत्येकाने आपली अध्यापनातील अडचण वहीत लिहावी, इतरांनी उपाय सुचवावा, आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती वही पुढे धाडावी, असा संकल्प होता. नियमही केले होते. स्नानाशिवाय वही उघडायची नाही. उत्तर वयाच्या क्रमाने लिहायचे. आरंभी मंगलाचरण हवेच. उपाय हवाच, असा नियम करायचे मात्र राहून गेले.

त्या वर्षी आमच्या हेडमास्तरांनी मला बजावले की आठवीतली मुले संस्कृत सोडून हिंदीकडे चालली आहेत. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत निम्मी तरी टिकली नाहीत, तर संस्कृतचे तास बंद. वर्गात बहुतेक मुले शेतमजुरांची होती. त्यांतल्या एका मुलीला मी विचारले, समजत नाही ते नेमके काय. ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "गुर्जी, तुमी शिकवून राह्यले का पूजा सांगून राह्यले, तेच समजत नाई."

तिचे वाक्य मी जसेच्या तसे वहीत लिहिले, दसऱ्याची मुदतही लिहिली आणि वही रिसोडला धाडली.

तिघांकडून फिरून ती परतली घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. वही म्हणजे सरस्वती. ती मी देवघरात मांडली, हळदकुंकू वाहिले, आणि उत्थापनाआधी मांडलेले पुस्तक उघडू नये म्हणून स्वस्थ बसलो. मला सल्ला हवा होता, पण त्याआधी मुहूर्त हवा होता. त्या नवरात्रात आणखी चार मुले हिंदीकडे गेली. ती मुलगी शेवटी गेली.

एकादशीला स्नान करून वही उघडली. रिसोडच्या ज्येष्ठांनी अकरा श्लोकांचे मंगलाचरण करून कलियुगाबद्दल खेद व्यक्त केला होता. शेलूबाजारच्यांनी त्यांतला सातवा श्लोक वृत्तात बसत नसल्याचे विनयपूर्वक कळवून, मुलींनी गुरूंशी असे बोलावे काय, असा प्रतिप्रश्न टाकला होता. कामरगावच्यांनी सातव्या श्लोकाची बाजू तीन पाने लढवून माझ्या तळमळीचे अभिनंदन केले होते.

शेवटच्या पानावर पेन्सिलीने काही ओळी होत्या. लिहिणारे कामरगावच्याच शाळेतले गणिताचे शिक्षक, बौद्ध कुटुंबातले. त्यांना सभासद करून घ्यावे, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. वही टेबलावर दिसली म्हणून त्यांनी वाचली होती.

"गुरुजी, न विचारता लिहितो, माफी असावी. तुमच्या वर्गात आमच्या समाजाची मुले असतील. ती घरी रोज पालीतली वंदना म्हणतात. ती आधी त्यांच्याकडून ऐका, मग शिकवा. दसऱ्याच्या आत करा."

संपूर्ण वहीत दसऱ्याची आठवण ठेवणारे ते एकटेच होते.

सुट्टीनंतर ती मुलगी हिंदीच्या वर्गाबाहेर भेटली. घरी वंदना म्हणतेस का, असे मी विचारले. तिने मान हलवली आणि सगळी वंदना तिथेच उभ्याने म्हटली, एकही अक्षर न अडखळता. माझ्या तासाला तिच्या तोंडून मी एक श्लोकही कधी ऐकला नव्हता. मग दप्तर खांद्यावर घेत ती म्हणाली, "आता इचारून राह्यले, गुर्जी?"

तास बंद झाले. मला मराठी आणि इतिहास हे विषय देण्यात आले. घडले ते सर्व मी वहीत लिहिले, पेन्सिलीच्या ओळी शाईने गिरवल्या आणि त्या गृहस्थांना पाचवे सभासद करावे, असे सुचवून वही पुन्हा रिसोडला पाठवली.

ती संक्रांतीनंतर परतली. या वेळी मी थांबलो नाही, पारोशानेच उघडली. माझ्या सूचनेखाली तिघांचेही आशीर्वाद होते. शाईने गिरवलेल्या पानावर कोणीतरी श्रद्धेने हळदकुंकू वाहिले होते, आणि त्याखालची अक्षरे आता नीट वाचता येत नव्हती.