डाव्या खिशातली आग

काकाच्या कोटाच्या डाव्या खिशात हात घालायचा नाही. आमच्या घरात हे मुलांना आधी शिकवतात, गरम तव्याला हात लावायचा नाही हे नंतर.

काका रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला आहे. धुतलेल्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे वाळवायच्या यंत्रात टाकायचे आणि दर खेपेनंतर यंत्राची जाळी काढून तिच्यावर साचलेली कपड्यांच्या तंतूंची लव हातानं सोलायची, हे त्याचं काम. ही लव करडी असते, मऊ असते आणि (काकाचे शब्द) ‘आजारी मांजराच्या कातडीसारखी अखंड निघते’. हे तो तोंडात घास असताना, कौतुकानं सांगतो. तिच्यात केस असतात. माणसांचे. कधी चिकटपट्टीचा तुकडा असतो, आणि एकदा एक अख्खं नख होतं, ज्याचा विषय निघाला की मी अजूनही पानावरून उठते. बाकीचे कामगार ती लव कचऱ्यात टाकतात. काका खिशात टाकतो, कारण ती झकास पेटते.

आणि काकाला पेटवायचं होतं. तरुणपणी तो डोंगरात धुक्यात चुकला होता आणि बचाव पथकानं त्याला शोधून खाली आणलं होतं. तेव्हापासून त्याला त्या पथकाचं नारिंगी जाकीट हवंय. परीक्षा अशी: डोंगरात अडकलात तर तग धरायला जे जे लागतं ते सगळं एका डबीत भरून आणायचं. ती डबी उघडी करून बादलीत बुचकळतात. मग ओल्या उतारावर बसून आग पेटवायची आणि चहा करायचा. तो चहा पथकाचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणतात, स्वतः पितो. पेला रिकामा झाला की माणूस पास. गेल्या वर्षी काकाचा लायटर भिजला, नुसता खर्र खर्र करत राहिला, आणि काका नापास झाला. दुसऱ्यांदा नापास होणाऱ्याला पथक पुन्हा उभं करत नाही.

म्हणून या वर्षी आमच्या ओट्यावर प्रयोग चालले. आगपेटीच्या काड्या मेणात बुडवून झाल्या, त्यांची डोकी घासताना भुगा झाली. मग बॅटरीला तारेची घासणी लावून झाली. ती पेटली खरी, पण सिंकमधली वापरलेली होती, त्यामुळे घरभर आठवडाभराच्या खरकट्याचा धूर. शेवटी काकानं चकमकीची दांडी आणली. पोलादी पट्टीनं खरवडली की तिच्यातून पांढऱ्या ठिणग्या सांडतात, ओली झाली तरी. ठिणगी धरायला खिशातली लव, आणि लव पाण्यात टिकावी म्हणून तिला चोपडायला काकूच्या टाचांच्या भेगांचं मलम. तेही काकूला न विचारता, डब्यात बोट घालून.

“अहो,” काकू बाहेर आली, मलमाचा डबा हातभर लांब धरून. “यात केस आहे. पांढरा. तुमच्या डोक्यावर तर एकही नाही.”

“रुग्णाचा असेल गं.”

“कुठल्या रुग्णाचा?”

“आता ते मी कसं सांगू? बरा होऊन गेला असेल घरी.”

“आणि नसेल झाला तर?”

काकानं नाक तेवढं फुर्रकन ओढलं.

“कापूस घ्या की दुकानातून!” काकू म्हणाली.

काकानं छाती काढली आणि कप्तानाचा आवाज लावला. ही नक्कल तो माझ्यापेक्षा वाईट करतो. “हंम्! मित्रांनो, पथकातला माणूस हाताशी असेल त्यात भागवतो.”

“मग हाताशी स्वच्छ काहीतरी ठेवा. ही घाण डबीत दिसली, तर डबीसकट तुम्हाला बादलीत बुचकळीन. आणि ओट्यावर यापुढे एक ठिणगी दिसली ना! स्वयंपाकघर आहे हे, स्मशान नव्हे.”

काका बिचारा निमूटपणे ऐकणारा. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं जाळीवरून वेगळीच लव सोलून आणली. फिकट निळी, एकही केस नाही, बाळाच्या गालाला लावावी अशी. काकूनं ती हुंगून पाहिली आणि मान डोलावली. पेटवून मात्र कुणी पाहिली नाही, कारण ओट्यावर बंदी.

डोंगरावर धुकं इतकं की गवतावर बसलं तर खालून भिजायचं. आम्ही घरची माणसं प्लास्टिकवर बसलो. कप्तान दर वाक्याआधी घसा असा साफ करतो की ऐकणाऱ्याला थुंकावंसं वाटतं. “हंम्! मित्रा, सुरू.”

काकानं पट्टी ओढली. ठिणग्यांचा सडा पडला. निळी लव आक्रसली, तिचा काळा मणी झाला आणि विझला. जळक्या कंगव्याचा वास आला. पुन्हा ठिणग्या, पुन्हा मणी. शेजारचे उमेदवार चहा ओतायला लागले आणि काकाच्या पुढ्यात नुसत्या काळ्या लेंड्या.

“हंम्! मित्रा, वेळ चालली.”

काकानं एक मणी चिमटीत धरून पाहिला आणि कपाळावर हात मारला. “पडदे!”

“काय पडदे?” काकू ओरडली.

“अगं, खाटांभोवतीचे पडदे! काल तेच होते यंत्रात. आग लागू नये म्हणून मुद्दाम तसलं कापड आणतात. प्रत्येकाच्या कडेला लिहिलेलं असतं, मी रोज घड्या घालतो!”

“मग मला काय वाचून दाखवताय? दुसरं पेटवा काहीतरी!”

काकानं हळूच डाव्या खिशाकडे पाहिलं, मग काकूकडे. “कप्तान, अंगावरचं चालेल?”

“हंम्! अंगावरचं ते डबीतलंच धरतो, मित्रा.”

काकूनं डोळे मिटून घेतले. “घाला हात.”

दिवसभर दुसऱ्यांचे कपडे वाळवणाऱ्या माझ्या काकाचा स्वतःचा कोट कधी धुतलेला कुणी पाहिलेला नाही. खिशातून जे निघालं ते एका तुकड्यात निघालं. करडं, दाबून चपटं झालेलं, एका टोकाला चघळलेला च्युइंगम, दुसऱ्या टोकाला चिकटपट्टी, आणि चहूबाजूंनी केस. जवळच्या एका बाईनं आपल्या मुलाचं तोंड फिरवलं. काकानं त्या तुकड्याला डबीतलं टाचांचं मलम फासलं आणि पट्टी ओढली.

भप्प!

काटक्या पेटल्या. वासाचं सांगायचं तर, जळका केस आणि म्हातारी टाच एकत्र उकळा. प्लास्टिकवरची माणसं प्लास्टिक घेऊन मागे सरकली. मी कोपरात नाक खुपसलं. पाण्याला उकळी फुटली, चहा झाला, काकानं तो पेल्यात ओतला, आणि वरून एक जळका तंतू डुलत डुलत येऊन त्यात उतरला.

कप्तानानं पेला हातात घेतला. हंम् आलंच नाही. “यात काय आहे?”

“चहाच,” काका म्हणाला. “वरचं ते... बाहेरचं आहे.”

कप्तान पेल्याकडे बघत राहिला. पेला खाली ठेवला असता तर काकाचं सगळं संपलं होतं.

काकू उठून उभी राहिली. “प्या हो,” ती खणखणीत म्हणाली. “बरा होऊन गेलाय तो.”

कप्तानानं डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. त्याच्या गळ्याची घाटी दोनदा खाली गेली, एकदा उगाच परत वर आली. मिशी पुसली, तरी तो तंतू मिशीतच राहिला. “पास,” तो म्हणाला आणि झाडामागे गेला.

उतरताना काका नारिंगी जाकीट घालून पुढे चालत होता, पाठमोरासुद्धा हसताना दिसत होता. वाटेत कुंपणाच्या तारेला मेंढीची लोकर अडकली होती, शेणानं माखलेली. काका थबकला. ती त्यानं अलगद सोडवली, बोटांत चुरून पाहिली आणि नव्या जाकिटाचा खिसा चाचपला. डावा.

“अहो,” काकू मागून म्हणाली. “मी बघतेय.”