फेस लावलेले फुगे

सलूनमध्ये त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. कात्री हातात आली की तोंडही सुरू. गिऱ्हाइकाला हं म्हणायलासुद्धा जागा मिळत नसे. सासऱ्यांनी तर लग्नानंतर वर्षभरातच हात जोडले होते. "जावईबापू, दाढी छान करता, पण माझे कान किटले." तेव्हापासून ते दुसरीकडे जात.

अशा या बोलघेवड्याचं नाक चोंदलं, एक गाल सुजला. सर्दी म्हणून तो वाफ घेत बसला. साखर वाढलेली, गोळ्या मनाला येईल तेव्हा. एका वस्तऱ्याचे दोन दिसू लागले तेव्हा बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. नाकाशेजारच्या पोकळ्यांत वाढलेली बुरशी डोळ्याच्या खोबणीत पोचली होती. मेंदूत शिरायच्या आत डॉक्टरांनी डोळा काढला. बायको येईल त्याला सांगे, "जिवावर बेतलं होतं, डोळ्यावर निभावलं."

पण घरी आला तो मुक्यासारखाच. एका डोळ्याला अंतर कळेना. पाणी ओतलं की धार पेल्याच्या बाहेर. बायको पेला धारेखाली सरकवायची.

शिकाऊ असताना उस्तादाने फुग्याला फेस लावून हात बसवून घेतला होता, हे तिने त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. तिने फुगे आणले. ती गाल दुखेस्तोवर फुगवायची, तो फोडायचा. दोघांच्याही तोंडावर फेस. मग डावा अंगठा फुग्यावर टेकवून वस्तरा त्याच्या कडेने न्यायचं त्याला जमू लागलं, आणि फुगे वाचू लागले.

सलून उघडलं. लोक आले, तब्येत विचारून "उद्या बसतो" म्हणत गेले. खुर्ची रिकामीच. कोणी गळाच पुढे केला नाही, तर हात बसून उपयोग काय?

एके सकाळी सासरे आले आणि सरळ खुर्चीत बसले. गालांवर सुरकुत्यांचं जाळं.

"बाबा, अहो, कापेल कुठेतरी!" बायको घाबरली.

"पोटची पोर दिली यांना. गळा द्यायला काय होतंय?" म्हाताऱ्याने मान मागे टाकली.

जावयाने अंगठा टेकवला. हात थांबला, पुन्हा टेकला. एक गाल स्वच्छ झाला.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "रेडिओ बिघडलाय का? बोला की."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकायला आलोय."

मग तो दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्याबद्दल सांगू लागला. दारात उभी असलेली बायको पदराने डोळे पुसत राहिली, आणि सासऱ्यांनी दुसरा गाल पुढे केला.