गुलमोहराच्या बुंध्याशी

राजधानीतल्या द्वारका भागातल्या एका सोसायटीच्या चौकीदाराला मी फसवलं. गेटजवळच्या गुलमोहराच्या बुंध्याशी बशीएवढी बुरशी आली होती. म्हणजे मुळं आतून कुजली होती. झाडांचंच काम करून मी वर आलो, मला ते एका नजरेत कळलं. झाड तपासून दाखला मलाच द्यायचा होता. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "धोकादायक लिहिलंत तर मुळांवर काँक्रीट कोणी घातलं, हे लोक मला विचारतील. निरोगी लिहा, इथल्या सगळ्या झाडांचं काम तुमच्याकडे." मी आधी भडकलो, मग घासाघीस करून त्यांच्या दुसऱ्या सोसायटीचंही काम मिळवलं. दाखल्यावर 'निरोगी' लिहून सही केली, बुरशी खरवडली, वर गेरू-चुना फासला.

चौकीदाराने विचारलं, "बाबूजी, यहाँ कुर्सी डाल लूँ? छाँव अच्छी है."

"डालो, डालो. ये पेड़ तुमसे ज़्यादा जिएगा!"

मे महिन्यातल्या आंधीत ते झाड त्याच्या खुर्चीवरच कोसळलं. त्याचा पाय गेला. परवा हॉस्पिटलात जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो तोंड फिरवून पडून राहिला.

सेक्रेटरी अजून आंधीलाच दोष देतात. सेक्रेटरीसाहेब, खोटी सही माझी होती, ती मी कबूल केली. काँक्रीट कोणी घातलं, हे तुम्ही त्याच्या खाटेपाशी उभं राहून कधी सांगणार?