बी निगेटिव्हचं एकच नाव

नागसेन मेश्राम बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. पडद्याकडे पाहिल्यासारखं बोलतो, समोर कॉम्प्युटर असो वा नसो. पूर्वी असा नव्हता. आमच्या नाटकमंडळीच्या तालमीत पहिल्या ओळीत बसून तो खो-खो हसायचा आणि मी राजाच्या वेशात मिशी सावरत त्याच्यावर डोळे वटारायचो.

त्याचे वडील डोमाजी उकव्याच्या मँगनीज खाणीत होते. छातीत धूळ साठवून त्यांनी पोराला नागपूरला शिकवलं. बरोबरीची पोरं तिकडूनच पुण्याला गेली. हा मात्र बालाघाटला परतला आणि आमच्याच गल्लीत दोन जुने कॉम्प्युटर मांडून क्लास काढला. हे दोन हजार सालातलं.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, आमच्या वार्डात रक्तगट तपासायचं शिबिर असतं. पुढच्या वर्षी नागसेन जयंती समितीसमोर उभा राहिला. "सर्वांचे गट मी कॉम्प्युटरमधी टाकतो. कोणाले रक्त लागलं, का गट दाबला, का नाव हजर."

शिबिरात माझ्या बोटाला सुई टोचली, तेव्हा पेटी वाजवणारा आमचा प्रेमलाल शेजारीच होता. तपासणाऱ्या बाईंनी "बी निगेटिव्ह, कमी सापडतो हा," म्हणताच तो ओरडला, "राजेसाहेब, साऱ्या जिंदगीत तुमची एक तं गोष्ट दुर्मिळ निघाली!"

"अन् तुझी पेटी? सुरात वाजल्याचं कोणी ऐकलं का अजून?" मी म्हणालो. मंडप हसला.

नागसेननं आधी क्लासमधल्या पाच पोरांची नावं घालून प्रोग्राम तपासला. योगायोग असा, की पाचांचे गट पाच वेगळे. गट दाबला की नाव उमटे. टाळ्या पडल्या. मग त्यानं एकट्यानं अख्ख्या वार्डाची नावं घातली. मशीननं प्रत्येक नाव मुकाट घेतलं, कुठं कुरकुर नाही. समितीनंही शिबिरातल्या नोंदींचे कागद रद्दीत देऊन टाकले. आता कॉम्प्युटर होता ना!

दसऱ्यानंतर लामता गावचा चैतराम नागसेनकडे धावत आला. त्याची बायको पुष्पलता बालाघाटच्या इस्पितळात होती. मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. गट बी निगेटिव्ह. त्या गटाची पिशवी शिल्लक नव्हती, गोंदियाहून आणायला जीप निघाली होती. नागसेननं गट दाबला. नाव आलं, टिकाराम. टिकाराम जबलपूरला गेला होता. असा गट विरळाच, वार्डात एकच माणूस असणार, असं नागसेनला वाटलं. जीप पोचायच्या आत पुष्पलता गेली.

त्या दुपारी मी घरीच होतो. ओसरीवर बसून जुने मुकुट पुसत होतो. त्याच्या क्लासपासून चार घरं सोडून.

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकली आणि मी क्लासात गेलो.

"नागसेन, मले काहून नाही बोलावलं रे?"

"तुमाले? काहून काका?"

"अरे, मी बी निगेटिव्हच आहो. तूच तं घातलं असशील माझं नाव."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं एकेक करून सगळे गट दाबले. प्रत्येक गटापुढे एकच नाव. अख्ख्या वार्डातून आठ माणसं उरली होती.

"असं कसं रे?" मी विचारलं.

त्यानं मला समजेल असं सांगितलं. "काका, तुमच्या रंगपटात खुंट्या राहतात ना? मी अशा खुंट्या ठोकल्या, का एका खुंटीवर एकच कपडा राहील. दुसरा अडकवला, का पहिला गेला. गट म्हणजे खुंटी. तुमच्यानंतर टिकारामचं नाव टाकलं, तुमचं पुसलं गेलं. एका खुंटीवर कितीही कपडे राहतील, अशी सोय त्या भाषेत होती. मले ठाऊक होती. फक्त एक शब्द वेगळा लिहायचा होता."

आमच्या रंगपटात राजाच्या खुंटीवर नेहमी दोन अंगरखे असत. एक माझा आणि एक, मी आजारी पडलो तर उभा राहणाऱ्याचा. हे मी त्याला सांगणार होतो. तेवढ्यात तो उठला.

"लामत्याले जातो," तो म्हणाला.

"काय सांगशील त्याले? मशीन बिघडली म्हण."

"मशीन नाही बिघडली काका."

मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही. चैतराम अंगणात बसला होता. आत तान्ही पोर रडत होती. नागसेननं उभ्यानंच सगळं सांगितलं.

चैतरामनं मान वर केली. "म्हणजे मानूस होता?"

"हौ."

"बालाघाटातच?"

"हौ. आमच्याच गल्लीत."

चैतरामची नजर माझ्याकडे वळली. "अन् हे कोण आहेत?"

हजारो माणसांसमोर मी उभा राहिलोय, पण अंगणातल्या त्या एका माणसासमोर मी नागसेनच्या मागे सरकलो.

"हेच ते," नागसेन म्हणाला.

चैतराम उठला. शिवी नाही, हात उगारणं नाही. आत गेला आणि दार लावून घेतलं. पोरीचं रडणं मात्र दाराबाहेर येत राहिलं.

नागसेननं तो एक शब्द बदलला, पण पुसलेली नावं परत कुठून येणार? जयंतीआधी तो दारोदार फिरून सगळ्यांचे गट पुन्हा विचारू लागला. काहींनी दारातूनच टोमणा मारला, "आता कोणाले मारतं रे बाबा?" तो मान खाली घालून पुढच्या दारी जाई. पोरं हळूहळू दुसऱ्या क्लासला गेली. आता तो एका दुकानात अर्ज टाईप करून देतो. दारोदार फिरणं मात्र एकाही वर्षी चुकलं नाही.

यंदा माझ्याकडे आला, तेव्हा मी म्हणालो, "माझं नाव काढ आता. पासष्टी उलटली, माझं रक्त कोणी घेत नाही."

तो भिंतीकडे पाहत होता. "राहू द्या काका. तुमचं नाव माझ्या हातून एकदा पुसलं गेलं, तेवढं पुरे आहे."

पाणीही न घेता तो शेजारच्या दारी गेला.