घर मागे घेताना

आमच्या ह्यांना इथे कुणी नावाने ओळखत नाही. सगळे ‘येऊद्या’ म्हणतात. सव्वीस वर्षं दिवसभर तोंडात तेवढाच शब्द असल्यावर दुसरं काय म्हणणार? सुट्ट्या लागल्या की लोक आपापल्या कॅराव्हॅन घेऊन या बेटावर येतात, आणि ती चालती घरं रिव्हर्समध्ये नेमक्या जागेवर लावून देणं हे ह्यांचं काम. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस. ‘बस’ म्हटलं की गाडीच्या अंगावर दोन थापा.

बेट तरी कसलं, वाळूची लांबच लांब पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून एकच रस्ता. समुद्राच्या अंगाला अकरा लाकडी केबिन, खाडीच्या अंगाला कॅराव्हॅनच्या जागा. केबिनच्या किल्ल्या, चादरी आणि पाहुण्यांच्या तक्रारी माझ्याकडे. एक नंबरची केबिन आमची, राहती. लेक तिथेच रांगली, आणि दात येताना दाराची चौकट तिनेच कुरतडली.

ह्यांचा एक नियम आहे. मी आरशात दिसत असेन तोवरच गाडी हलवायची, दिसेनासा झालो की ब्रेक. प्रत्येक ड्रायव्हरला हे आधी ऐकवणार, मग तो पहिल्यांदा आलेला असो की दहाव्यांदा. आणि कुणाची बायको, कुणाचा भाऊ मदत म्हणून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला की ह्यांचा पारा चढलाच. एरवी गरीब गाय, पण एकदा एका डॉक्टरीणबाईंना असं झापलं की त्या आत जाऊन बसल्या त्या बाहेरच येईनात. शेवटी मीच जास्तीच्या चादरी द्यायच्या निमित्ताने जाऊन समजूत काढली.

मला त्या ‘येऊ द्या’चा मनस्वी वैताग. खिडकीत चादरींच्या घड्या घालत बसावं तर कानावर तेच. पाहुण्यांची रांग लागली की मी सरळ खिडकी लावून घ्यायची. ह्यांच्या डोक्यात तो शब्द इतका बसलाय की झोपेतही बडबडत असतील, असं एकदा लेकीला म्हटलं, तर ती म्हणाली, आई, झोपेत तूच बडबडतेस.

असं सगळं छान चाललं होतं, पण समुद्र आत सरकत होता. हे रोज सकाळी पायरीपासून भरतीच्या रेघेपर्यंत पावलं मोजतात. आम्ही आलो तेव्हा नव्वद भरायची. यंदा बावीस. मोजून आले की मी विचारायचं, किती? त्यांनी आकडा सांगायचा, मग दोघांनी चहा घ्यायचा. आकडा वाईट असला की हे आधी चहा मागतात. यंदा रोजच आधी चहा.

शेवटी मालकांनी ठरवलं, सगळ्या केबिन उचलून खाडीच्या अंगाला न्यायच्या. जॅकवर चढवायच्या, खाली ट्रेलर घालायचा, रस्त्यापलीकडे नेऊन ठोकळ्यांवर टेकवायच्या. दहा केबिन धडधाकट होत्या. एक नंबर मात्र सगळ्यांत जुनी. तिचं लाकूड धक्का सोसणार नाही, ती तोडून टाकू, तुम्ही दोघं आता लेकीकडे आरामात राहा, असं मालक फार गोडीने म्हणाले. लेकीने तर लगेच खोलीसुद्धा तयार केली. पाचवा मजला, लिफ्ट, चोवीस तास नळाला पाणी. मी वरवर म्हटलं, बरंच झालं बाई, वाळू झाडून झाडून माझी कंबर गेली. हे तीन दिवस गाड्यांना तेवढं ‘येऊ द्या’ म्हणत होते, तेही अगदी बारीक आवाजात.

चौथ्या दिवशी उठून मालकांकडे गेले.

“एकदा हलवून बघू द्या,” म्हणाले. “मोडलं तर फळ्या मीच रचून ठेवीन.”

मालक मनाने चांगले. दहा केबिन झाल्या की ट्रेलर एकदा तुमच्यासाठी थांबवतो, पण घर कुठे आपटलं तर तिथल्या तिथे तोडायचं, एवढी अट त्यांनी घातली.

दहाही केबिन ह्यांनीच मागे घेतल्या, कुठे ओरखडा नाही. मग आमची पाळी. सामान मी ताडपत्रीवर काढून ठेवलं होतं. रिकामं घर ट्रेलरवर चढलं. खालची वाळू पांढरीफटक, कोरडी. तीत लेकीचा लहानपणचा चमचा सापडला. किती शोधला होता तेव्हा, आणि उगाच तिलाच धपाटा घातला होता.

रस्ता नीट ओलांडला. पुढे पाण्याचा नळ आणि विजेचा खांब यांच्यामधून घर मागे घ्यायचं होतं, दोन्हीकडे वीतभर जागा. ट्रेलरवाला आरशात बघत होता. आणि आमचे हे आरशातून नाहीसे झाले.

ट्रेलरवाल्याने कचकन ब्रेक दाबला. आधीच्या दहाही केबिनना ह्यांचा नियम ऐकला होता ना त्याने. मी धावत मागे गेले तर घर आणि खांब यांच्या मधोमध हे उभे, भिंतीला तळहात लावून. घर कुरकुरत होतं आणि हे त्याला थोपटत होते. माझं डोकंच फिरलं. दंड धरून बाहेर ओढलं त्यांना.

“मला जमत नाहीये गं,” म्हणाले. “तोंडातून शब्दच फुटत नाही.”

तिकडून मालक हळूहळू पुढे यायला लागले. चेहऱ्यावरूनच कळलं, आता थांबवणार. खरं सांगते, त्या घडीला मला पाचवा मजला नको होता, लिफ्ट नको होती, नळाचं पाणी नको होतं. मला माझं वाळूने भरलेलं घर हवं होतं. ह्यांना ताडपत्रीवर बसवलं आणि मी जाऊन आरशात दिसेन अशी उभी राहिले.

“येऊ द्या,” म्हटलं.

पहिला आवाज असा चिरका निघाला की ट्रेलरवाला हसला. हसू दे. पुढचं सगळं मग आपोआप आलं, कुठे शब्द लांबवायचा, कुठे तोडायचा, कुठे नुसता हात दाखवायचा. ड्रायव्हर साइडला थोडं. सरळ करा. येऊ द्या, येऊ द्या. नळ गेला. खांब आणि छपराची कड यांच्यात चार बोटं राहिली. खांबही गेला. ठोकळे आले.

“बस.”

मी थापा मारायच्या विसरलेच होते. तेवढ्यात घरावर दोन थापा पडल्या. हे उठून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सवयीने पावलं मोजायला गेले. मी चहा टाकला. परत आल्यावर विचारलं, किती? म्हणाले, शंभर झाली तरी रस्तासुद्धा आला नव्हता, मग सोडून दिलं. मला भरूनच आलं, चक्क रडले. तर म्हणतात, चहात पडू देऊ नकोस, खारट होईल.

एवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. एक नवीन जोडपं, भलीमोठी कॅराव्हॅन. मी खिडकीत चादरी घेऊन बसले, खिडकी उघडीच ठेवली. ह्यांचा आवाज परत खणखणीत झाला होता.

“मी आरशात दिसत असेन तोवरच गाडी हलवायची,” हे त्या ड्रायव्हरला सांगत होते. “दिसेनासा झालो की ब्रेक. मग माझी बायको दिसेल. ती सांगेल तसं करा.”