एकतीस रुमाल

फिलोमिना ज्या कचेरीत कामाला आहे त्या तालुक्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. बाईची अजून बारा वर्षं नोकरी शिल्लक आहे आणि तिने जे केलं ते वरच्या साहेबांच्या कानावर जाण्यासारखं नाही. नगर जिल्ह्यातला एक कोरडा तालुका, एवढं पुरे.

तिच्याकडे रेकॉर्ड रूम. जन्म-मृत्यूचे जुने कागद तिथे लाल फडक्यात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्याला कचेरीत रुमाल म्हणतात. असे साडेचारशे रुमाल. कोणत्या गावाचा, कोणत्या सालचा रुमाल कोणत्या फळीवर, हे सगळं वीस वर्षं एकट्या फिलोमिनाच्या डोक्यात. दोन धाकट्या भावांची शिक्षणं आणि लग्नं उरकता उरकता तिचं स्वतःचं राहून गेलं. कोणी हळहळलं की म्हणायची, "माझा पसारा काय थोडा आहे?" आणि स्टुलावर चढून फळी झटकायला लागायची.

मग यशया साळवे आला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस, वय शेहेचाळीस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूळचा पारनेरकडचा. बरोबर एक कॉम्प्युटर आणि वरून कागदाचा फोटो काढणारा कॅमेरा. सगळ्या नोंदी त्यात गेल्या की नाव टाकायचं आणि कागद बाहेर काढायचा; रेकॉर्ड रूममध्ये मग बाई कशाला लागते? फिलोमिनाने पहिले आठ दिवस त्याला धड खुर्चीही दिली नाही. शिपाई दगडाबाईने शेवटी आपलं स्टूल पुढे केलं.

काही गावांचे रुमाल कॉम्प्युटरात गेले होते, तेव्हा सहादेव नावाचा एक शेतकरी वडिलांच्या जन्माची नोंद शोधत आला. यशयाने गाव टाकलं, नाव टाकलं. कॉम्प्युटर म्हणाला, नोंद नाही. सहादेवचं तोंड उतरलं.

"वडील थोरले का धाकटे?" फिलोमिनाने आपल्या टेबलावरूनच विचारलं.

"पयले. समद्यात थोरले."

"आजीचं माहेर?"

सहादेवने गाव सांगितलं. ती उठली, त्या गावाचा रुमाल सोडला आणि पाच मिनिटांत पान त्याच्यापुढे ठेवलं. मग यशयाकडे वळून म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी होतं, साळवे सर. नोंद तिथल्याच गावाला लागते. तुमच्या यंत्राला आई नाही, त्याला कसं कळणार?"

तो चिडेल असं तिला वाटलं होतं, किंबहुना त्याने चिडावं अशी तयारीच तिने ठेवली होती. पण यशयाने खिशातली वही काढली. "मॅडम, हे परत एकदा सावकाश सांगा. लिहून घेतो." दुसऱ्या दिवशी पडद्यावर नाव आणि गाव यांच्या खाली एक नवा रकाना आला होता: आजोळ.

वीस वर्षांत फिलोमिनाचं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. बाई तिथेच गारद झाली. सगळी कचेरी तिला ताई म्हणे. यशया मात्र पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत आला होता आणि एकदाही चुकून ताई म्हणाला नव्हता, हे आता तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून ती पान उलटून धरायची, नोंद वाचायची, तो फोटो काढायचा. कोण पटकीने गेलं, कोणाला जुळी झाली, कोणाला वाघाने ओढून नेलं. वाघाची नोंद आली तेव्हा यशयाने विचारलं, "मग पुढं त्याच्या घरच्यांचं काय झालं?" तिने त्याच घरातल्या पुढच्या तीन नोंदी शोधून त्याला वाचून दाखवल्या. दुपारचे डबे तसेच राहिले.

रोजचे चार-पाच रुमाल होत होते. झालेल्या रुमालावर खडूने फुली मारून तो दुसऱ्या भिंतीला ठेवायचा. ती भिंत भरत चालली आणि फिलोमिना उरलेले रुमाल मोजायला लागली. रुमाल संपले की हा माणूस जाणार होता. त्याला थांब म्हणावं असं तिला रोज वाटे. पण ती रोमन कॅथलिक, तो मिशनचा, म्हणजे प्रॉटेस्टंट. देव एक असला तरी चर्च दोन, आणि आई क्रिस्टीनाबाई ह्या बाबतीत महिना-महिना अबोला धरणारी. शिवाय चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाने आपणहून विचारायचं तरी कसं?

तेव्हा तिने विचारलं नाही. ती सकाळी अर्धा तास आधी यायला लागली आणि ओल्या फडक्याने एखाद्या रुमालावरची फुली पुसून तो परत आपल्या जागी ठेवायला लागली.

दगडाबाईच्या नजरेतून हे सुटणार थोडंच होतं? "ताई, फुल्या कोन पुसतंय? उंदरं व्हय?"

"हवा दमट आहे."

बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. दगडाबाई खिडकीतून बघत म्हणाली, "व्हय, लई दमट हाय औंदा."

वाघाचा रुमाल दुसऱ्यांदा निघाला तेव्हा फिलोमिनाने नोंद मान वर न करता वाचली. यशयाने नोंद ऐकली आणि शांतपणे विचारलं, "मग पुढं त्याच्या घरच्यांचं काय झालं?" तिने सुटकेचा श्वास टाकला. पुरुषांच्या लक्षात काही राहत नाही, ते एक बरं आहे, असं तिला वाटलं.

तरी जूनमध्ये काम संपलंच. कंपनीने त्याला पारनेरला पाठवलं. जाताना तो दारात बराच वेळ उभा राहिला. "येतो मॅडम," म्हणाला. तिला म्हणायचं होतं जाऊ नका, तोंडातून निघालं, "कॅमेऱ्याची वायर घेतली ना?"

नंतरचे सात महिने तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. एसटी स्टँडवर पारनेरची पाटी दिसली की पाय आपोआप थबकायचे. कॉम्प्युटर आता तीच चालवायची, आणि लोकांना नोंदी भराभर मिळायच्या. काम इतकं सोपं झालं होतं की दुपार खायला उठायची. त्याची इतकी आठवण यायची की रविवारी चर्चमध्येही ती त्याच्यासाठीच गुडघे टेकायची, आणि आईला वाटायचं पोरगी भक्तीला लागली.

जानेवारीत वरून आदेश आला: कॉम्प्युटरात दोनदा चढलेली पानं काढून टाका. त्यात आपलीही पानं निघणार, हे तिने लगेच ओळखलं. तिने कॉम्प्युटरला यादी मागितली. एकतीस रुमाल. आणि प्रत्येकासमोर तारीख, वेळ आणि एक ओळ. "ही पानं आधीच घेतलेली आहेत. पुन्हा घ्यायची?" पुढे: "हो. यशया साळवे."

पहिल्याच रुमालापासून. यंत्राने त्याच क्षणी त्याला सांगितलं होतं. वाघाचा रुमालही त्यात होता.

आधी तिला राग आला. आपण चोरून फुल्या पुसतोय आणि हा गृहस्थ सगळं जाणून मुकाट पानांचे फोटो काढतोय! मग तिचे डोळे भरून आले. तिने दार लोटलं आणि फोन लावला.

"मॅडम?" त्याने पहिल्या रिंगला उचलला.

"एकतीस वेळा यंत्राला हो म्हणालात, साळवे सर. मला एक अक्षर बोलला नाहीत."

तो म्हणाला, "यंत्रानं विचारलं, म्हणून म्हणालो. तुम्ही कुठं विचारलंत? मी रोज वाट बघत होतो."

"तुम्हाला विचारता येत नव्हतं?"

"माझी हिंमत फक्त तेवढी एक कळ दाबण्यापुरती होती."

फिलोमिनाला आईचा अबोला आठवला, आणि ते सात महिनेही आठवले. अबोला त्यापेक्षा खचितच सोपा होता. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं.